आजीच्या आठवणीतला गोवा नातवंडांना दाखवताना

गोव्याची कौटुंबिक सहल ठरली की बहुतेक घरांत पहिला प्रश्न "काय काय बघायचे?" हा असतो, आणि मग किनारे, किल्ले, चर्च आणि देवळे यांची लांबलचक यादी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागते. आजी-आजोबांपासून शाळकरी नातवंडांपर्यंत तीन पिढ्या एकत्र निघणार असतील, तर हा प्रश्न थोडा मागे ठेवावा आणि "आपल्यापैकी कोणाचे गोव्यात काय आहे?" हे आधी विचारावे. मराठी कुटुंबांचा गोव्याशी असलेला संबंध अनेकदा पर्यटनापेक्षा जुना असतो. कोणाचे कुलदैवत अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा परिसरात असते, कोणाचे आजोळ पेडण्यात किंवा डिचोलीत असते, कोणाच्या आजोबांनी नाटक मंडळीबरोबर इथल्या जत्रांत मुक्काम केलेला असतो, तर कोणी लग्नानंतर पहिल्यांदा समुद्र पाहिला तो मिरामारला. फोंड्यात राहणाऱ्या आमच्यासारख्या घरांत मे महिन्यात मुंबई-पुण्याकडचे नातेवाईक उतरतात. त्यांच्याबरोबर फिरताना असे दिसते की यादी कितीही मोठी असली तरी पुढे वर्षभर बोलणे होते ते एखाद्या तळीच्या काठी निवांत गेलेल्या संध्याकाळचे. म्हणून पुढील मांडणीचे धोरण साधे आहे: ठिकाणे थोडी निवडावीत, प्रत्येक ठिकाणी पुरेसा वेळ द्यावा, आणि प्रत्येक ठिकाणाला घरातला एक धनी असावा. धनी म्हणजे ती जागा पूर्वी पाहिलेली किंवा मनापासून पाहू इच्छिणारी व्यक्ती. तिथे पोचल्यावर बोलण्याचा पहिला मान तिचा.

निघण्याआधी काय विचारावे

"तुमच्या वेळच्या गोव्याबद्दल काही सांगा" असे मोघम विचारले तर ज्येष्ठ मंडळी "आता सगळे बदलले" एवढेच म्हणून विषय संपवतात. प्रश्न बारीक आणि नेमके असावेत. तुम्ही कशाने आलात आणि कोठे उतरलात? न्यायला कोण आले होते? आंघोळ विहिरीवर होती की झरीवर? पहिल्या दिवशी जेवायला काय होते? बरोबर कोण होते, आणि त्यांतले कोण रुसून बसले होते? शेवटच्या प्रश्नाला हमखास उत्तर मिळते आणि त्यातून बाकीचे सारे हळूहळू बाहेर येते. हे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे, मात्र त्यांना सांगून, आणि शक्यतो दोन भावंडे किंवा नणंद-भावजय एकत्र असताना, कारण एकाची चूक दुसरा लगेच दुरुस्त करतो.

साल आठवत नसेल तर गोव्याच्या इतिहासातल्या काही खुणा उपयोगी पडतात. प्रवास १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा असेल, तर पोर्तुगीज हद्दीत शिरतानाच्या तपासणीची काहीतरी आठवण निघतेच. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने पणजीला उतरल्याची आठवण असेल, तर वाटेत कोणकोणती बंदरे लागली हे विचारावे, कारण मालवण-वेंगुर्ल्याला पडावात उतरणाऱ्या उतारूंचे वर्णन नातवंडांना कुठल्याही वॉटर पार्कपेक्षा जास्त रंगवून ठेवते. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला आणि नवा पूल १९९२ मध्ये सुरू झाला. पणजीहून पलीकडे बेतीला जाण्यासाठी फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिल्याचे कोणी सांगत असेल तर ती सहल बहुधा त्या मधल्या वर्षांतली, नाहीतर पहिला पूल होण्याआधीची धरावी. दूधसागराजवळून जाणाऱ्या छोट्या मीटरगेज गाडीची आठवण त्या मार्गाचे रुंदीकरण होण्याआधीची, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या मध्यापूर्वीची. आणि थेट रेल्वेने थिवीला किंवा करमळीला उतरल्याचे सांगणारा माणूस कोकण रेल्वेनंतरचा असतो. ती पूर्ण मार्गावर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली.

जुन्या अल्बममधले फोटो अल्बमसकट आणू नयेत. दमट हवेत ते चिकटतात. फोनवर त्यांचे फोटो घ्यावेत, मागच्या बाजूला काही लिहिले असल्यास त्याचाही घ्यावा, आणि ज्या फोटोत देऊळ, पूल, चर्च किंवा दुकानाची पाटी दिसते ते वेगळे काढावेत. गोव्यातल्या बऱ्याच जागा अजून ओळखता येतात, आणि जागा सापडली की पुढची सारी गोष्ट आपोआप निघते.

या माहितीतून चार-पाच दिवसांच्या सहलीसाठी तीन किंवा फार तर चार मुख्य जागा निवडाव्यात. ज्या घरात आजी वाढली ते घर विकले गेले असेल तर तिथे सगळ्यांनी मिळून जाऊ नये. आधी दोघांनी जाऊन शेजारी विचारपूस करावी, घरमालकांची परवानगी घ्यावी आणि मग आजीला न्यावे. गोव्यातली माणसे अशा भेटीला सहसा नाही म्हणत नाहीत, पण बारा जणांचा घोळका पूर्वसूचनेशिवाय बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत येऊन उभा राहिला तर कोणीही गोंधळेल. आणि आजीने ऐनवेळी "नको, बाहेरूनच बघते" म्हटले तर तेच खरे मानावे. ज्या जागेशी घरातल्या गेलेल्या माणसाची आठवण जोडलेली आहे तिथे जायचे की नाही, हे त्या माणसाच्या सर्वांत जवळच्या व्यक्तीने ठरवावे. उत्साही पुतण्यांनी नव्हे.

केव्हा यावे

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हवेच्या दृष्टीने सर्वांत सुखाचा काळ आहे, पण डिसेंबरचा शेवटचा आठवडा वृद्ध आणि मुले बरोबर असताना टाळावा, कारण भाडी चढतात आणि किनाऱ्याकडच्या रस्त्यांवर तासन्‌तास अडकावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागांत बोंडू (काजूची फळे) पिकतात आणि त्यांच्या रसाचे नीर मिळते. मे महिन्यात मानकुराद आंबा, फणस, करवंदे आणि जांभळे एकदम येतात. उकाडा भरपूर असला तरी जुन्या पिढीच्या आठवणीतला गोवा बहुधा मे महिन्यातलाच असतो, कारण शाळेच्या सुट्टीत आजोळी येण्याचे दिवस तेच होते. म्हणून आठवणींसाठीच निघणार असाल तर उकाडा सोसूनही मे पत्करावा, असे मी म्हणेन. मात्र दुपारी बारा ते चार कोणालाही बाहेर काढू नये. गावांतली बरीच दुकानेही त्या वेळात बंदच असतात, त्यामुळे फारसे काही बुडत नाही.

पावसाळ्यात समुद्रात उतरता येत नाही, दूधसागराकडे कुळे येथून जाणाऱ्या जीपगाड्या बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ताजी मासळी कमी मिळते. हिरवाईसाठी यायचे असेल तर अवश्य यावे, पण मुलांना समुद्राचे वचन देऊन आणू नये. चतुर्थीच्या दिवसांत गोव्यातला प्रत्येक हिंदू माणूस आपल्या मूळ घरी असतो आणि बाजार ओस पडतात. तेव्हा नातेवाइकांचे घर नसेल तर ते दिवस टाळावेत, आणि असेल तर त्याच दिवसांत यावे.

प्रवास आणि मुक्काम

रेल्वेचे आरक्षण सध्या ६० दिवस आधी खुले होते. ६० वर्षांवरील पुरुषांना आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना खालच्या बाकासाठी वेगळा कोटा असतो. तिकीट काढताना तो निवडावा. कुठल्या स्थानकावर उतरायचे हे पहिल्या मुक्कामावरून ठरवावे: फोंड्याच्या देवस्थानांसाठी करमळी किंवा मडगाव, उत्तरेच्या किनाऱ्यांसाठी पेडणे किंवा थिवी, पाळोळेसाठी काणकोण. विमानाने येणाऱ्यांसाठी मोपा उत्तरेला आणि दाबोळी दक्षिणेकडे जवळ आहे. तिकीट स्वस्त म्हणून चुकीच्या विमानतळावर उतरल्यास वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

गावांची नावे नकाशात घालताना तालुकाही पाहावा. केरी नावाची गावे गोव्यात तीन आहेत: पेडण्यातले समुद्रकिनाऱ्याचे, सत्तरीतले आणि फोंड्यातले. कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की फोंडा घाट सिंधुदुर्गात आहे आणि आमचे फोंडा शहर त्याच्या बरेच दक्षिणेला.

मुक्काम दोन ठिकाणी विभागावा. पहिले दोन दिवस फोंड्याच्या बाजूला आणि उरलेले समुद्राजवळ, तेही उत्तर किंवा दक्षिण यांपैकी एकाच दिशेला. गोवा नकाशावर लहान दिसतो, पण तेरेखोलपासून काणकोणपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे आणि आतले रस्ते वळणांचे आहेत. रोज उत्तर-दक्षिण केल्यास आजोबांना गाडीची काच तेवढी आठवते. देवळांच्या अग्रशाळांत राहण्याची सोय अनेक ठिकाणी असते. खोल्या साध्या असतात, पण ज्यांच्या लहानपणी कुटुंब तिथेच उतरत असे, त्यांच्यासाठी त्या साधेपणालाच मोल आहे. देवस्थानच्या कार्यालयात आधी फोन करून चौकशी करावी आणि आपण महाजन (देवस्थानच्या व्यवस्थेत हक्क असलेल्या घराण्यातले) किंवा कुळावी (ज्यांचे ते कुलदैवत आहे असे) असल्यास तसे सांगावे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तळमजल्याची खोली आणि कमोड आहे का, हे संकोच न करता विचारावे.

स्थानिक प्रवासासाठी दिवसभराची एक मोठी गाडी ठरवणे सर्वांत सोयीचे पडते. थांबण्याच्या वेळेसह रक्कम आधी बोलून घ्यावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याची गाडी घेतली तर तिला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असल्याची खात्री करावी; खासगी पाटीची गाडी भाड्याने घेणे नियमाविरुद्ध आहे आणि तपासणीत सगळ्यांचा अर्धा दिवस जातो.

कुलदैवताचा दिवस

पहिला पूर्ण दिवस देवाचा ठेवावा. त्यामागे भाविकतेइतकाच व्यवहारही आहे: हे एक काम झाले की ज्येष्ठांचे मन मोकळे होते आणि पुढच्या दिवसांत ती मंडळी मुलांच्या हौशीला हसत साथ देतात.

अंत्रुज महालातल्या देवळांची गोष्ट मुलांना देवळात शिरण्याआधी सांगावी, कारण ती प्रवासाची आणि घर सोडण्याची गोष्ट आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, सासष्टी आणि बार्देश पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यावर देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी आपले देव नदीपलीकडे, त्या वेळी पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या मुलखात हलवले. मंगेश १५६० साली कुठ्ठाळीहून प्रियोळला (आजच्या मंगेशीला) आला, म्हालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला आणि कामाक्षी रायहून शिरोड्याला. आपल्या घराण्यात मूळ गावाचे नाव अजून सांगितले जात असेल तर एक काम जरूर करावे: देवदर्शनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा परतीच्या वाटेवर त्या मूळ गावातूनही जाऊन यावे. वेर्ण्याला म्हालसेच्या जुन्या जागी आज पुन्हा देऊळ उभे आहे. मूळ गाव आणि आताचे देऊळ यांच्यामधली नदी गाडीतून ओलांडताना, लोकांनी ही वाट रात्री होडीतून कशी काढली असेल असा प्रश्न मुलेच विचारतात. मग त्यांना वेगळा इतिहास शिकवावा लागत नाही.

देवळात सकाळी साडेसात-आठपर्यंत पोचावे. अभिषेक करायचा असेल तर गोत्र, मूळ गाव आणि ज्यांच्या नावे संकल्प करायचा त्यांची नावे एका कागदावर लिहून न्यावीत, म्हणजे गर्दीत पुजाऱ्यांसमोर "आपले गोत्र काय रे?" अशी कुजबुज करण्याची वेळ येत नाही. अंगभर कपडे घालावेत, गाभाऱ्याजवळ फोटो काढू नयेत आणि देवळातली दुपारच्या महाप्रसादाची व्यवस्था आदल्या दिवशी विचारून ठेवावी. सोमवारी संध्याकाळी मंगेशीला पालखी निघते. मुलांना पालखी दाखवायची असेल तर मुक्कामाची आखणी त्या वाराप्रमाणे करावी.

एका सकाळी एक कुलदैवत आणि फार तर जवळचे आणखी एक देऊळ एवढेच घ्यावे. मंगेशी आणि म्हार्दोळ शेजारी-शेजारी आहेत. कवळे, रामनाथी आणि नागेशी एकमेकांच्या हाकेवर आहेत. त्यामुळे पाच देवळे एका दमात उरकण्याचा मोह होतो, आणि मुलांच्या लक्षात राहते ते फक्त पाचदा चप्पल काढणे. त्याऐवजी देवळाचा चौक नीट दाखवावा. गोव्याच्या देवळांची ठेवण घाटावरच्यापेक्षा वेगळी आहे: पुढे तळी, मग दीपस्तंभ, नगारखाना, भोवती अग्रशाळा, आणि वर कौलारू छपरांमधून उठणारा घुमट. मंगेशीचा दीपस्तंभ सात मजली आहे आणि मजले मोजण्याचे काम सर्वांत लहान मुलाकडे द्यावे. म्हार्दोळला पितळी दीपस्तंभ आहे. नागेशीचे देवस्थान मात्र कुठून हलवून आणलेले नाही. तिथला शिलालेख १४१३ सालचा आहे आणि देवळासमोरची तळी शांतपणे बसण्यासाठी मला या साऱ्या परिसरात सर्वांत आवडते. इथे अर्धा तास काहीही न करता बसावे, आणि आजोबांना बोलते करायचे असेल तर इथेच करावे.

ज्यांचे कुलदैवत गोव्यात नाही त्यांनी या दिवसाला तांबडी सुर्ल्याला जावे. काळ्या बसाल्टमध्ये बांधलेले कदंबकालीन महादेवाचे हे देऊळ भगवान महावीर अभयारण्याच्या रानात, ओढ्याकाठी आहे. गाडीपासून थोडेच चालावे लागते, आणि रस्त्याला खाण्याची सोय तुरळक असल्याने डबा बरोबर घ्यावा.

समुद्राचा दिवस

मुलांना समुद्र दुपारी चारनंतरच दाखवावा. लाल-पिवळे निशाण लावलेल्या दोन खांबांच्या मधल्या भागातच पाण्यात उतरावे. नुसते लाल निशाण असेल तर पाय भिजवण्यापुरतेही पुढे जाऊ नये. जीवरक्षकांनी शिट्टी मारली की त्यांच्याशी वाद घालणारे काका प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांना आधीच घरी समजवावे. मोठ्यांपैकी एकाने पाळीपाळीने कोरडे राहून फक्त मुले मोजायची, असा नियम ठेवावा.

वृद्धांसाठी किनारा निवडताना गाडी वाळूच्या किती जवळ जाते हे पाहावे. मिरामारला बसायला झाडांची सावली आहे, पण वाळूचा पट्टा रुंद असल्याने पाणी दूर पडते. कोलव्याला रस्ता थेट किनाऱ्याशी येतो. पाळोळेचा किनारा चंद्रकोरीसारखा आहे आणि पाणी बरेच अंतर उथळ राहते, म्हणून लहान मुले असतील तर दक्षिणेत मी तोच सुचवेन. उत्तरेत मांद्रे बरे. कळंगुट-बागा शनिवार-रविवारी संध्याकाळी आजीला घेऊन जाण्याची जागा राहिलेली नाही. आई-वडिलांच्या मधुचंद्राच्या आठवणी तिथल्याच असतील तर आडवाराच्या सकाळी सात वाजता जावे. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. कुंपण घातलेल्या जागेजवळ मुलांना आवाज करू देऊ नये.

किल्ला हवाच असेल तर आग्वादपेक्षा रेइश मागूश निवडावा. तो आटोपशीर आहे, २०१२ मध्ये दुरुस्तीनंतर खुला झाला आणि आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रे आहेत. त्यांच्या चित्रांतली गोव्याची माणसे मुलांनाही लगेच कळतात.

फेरीबोटीतून एक सकाळ

सर्वांत थोड्या पैशांत तिन्ही पिढ्यांना सारखाच आनंद देणारी गोष्ट गोव्यात कुठली असेल तर ती फेरीबोट. पूल होण्यापूर्वीच्या गोव्याचा प्रवास असाच होता, आणि ज्येष्ठांना त्याचे वर्णन करावे लागत नाही. ते नुसते दाखवता येते.

जुन्या गोव्यात (ओल्ड गोवा या गावी) सकाळी लवकर पोचावे. १६०५ मध्ये पूर्ण झालेले बॉं जेझूस आणि समोरचे से कॅथेड्रल दीड तासात निवांत पाहून होते. ही चर्च १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष बॉं जेझूसमध्ये आहेत. तिथून विजरईच्या (व्हाइसरॉयच्या) कमानीखालून खाली धक्क्यावर उतरावे आणि गाडीसह दिवाडी बेटाची फेरी धरावी. बेटावर शेते, जुनी घरे आणि टेकडीवरचे पिएदादचे चर्च आहे. तिथून मांडवी दूरवर दिसते. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून दुसरी फेरी नार्व्याला जाते. नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ घाई न करता पाहावे. कदंबांचे हे दैवत मुळात दिवाडी बेटावर होते. तिथले देऊळ पाडले गेल्यावर देव पलीकडे आणला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाच्या उभारणीची आज्ञा दिली. अलीकडे त्याचा जीर्णोद्धार होऊन २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. पुस्तकात वाचलेले महाराज आणि आपण नुकतीच ओलांडलेली नदी यांची सांगड मुलांच्या मनात इथे बसते.

पक्ष्यांची आवड असेल तर हीच सकाळ रायबंदरहून चोडणला न्यावी; सलीम अली पक्षी अभयारण्य पलीकडच्या धक्क्याजवळच खारफुटीत आहे. फेरीत गाडी चढताना वृद्धांना आधीच उतरवून पायी चढवावे, कारण धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो.

जेवणाची आठवण

जागेइतकीच चव टिकते, पण ती हॉटेलात क्वचित सापडते. नातेवाइकांच्या घरी एक जेवण असेल तर फर्माईश आधी कळवावी: बांगड्याचे हुमण, तिसऱ्या, तिरफळ घातलेली उडदमेथी, खतखते, सोलकढी, शेवटी गोड म्हणून मणगणे. सोमवारी अनेक घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असते, म्हणून मासळीचा बेत त्या दिवशी मागू नये. घर नसेल तर सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलच्या भोंग्याची वाट पाहून गरम उंडे आणि पोयी हे पाव घ्यावेत, आणि गावातल्या साध्या खानावळीत पातळ भाजी, पाव आणि मिरचीची भजी खावीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आजीला पुढे चालू द्यावे. सुके खारे (खारवलेली मासळी), आमसुले, गूळ आणि मानकुरादाचा वाटा यांची घासाघीस ती करील आणि मुलांनी पिशव्या धराव्यात. एक पदार्थ निवडून घरातल्या तरुण व्यक्तीने तो बनताना पाहावा व प्रमाण लिहून घ्यावे. "अंदाजाने" या उत्तरावर थांबू नये. अंदाज वाटीने मोजून घ्यावा.

नोंद कशी ठेवावी

रोज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे काढून त्या दिवसाच्या धन्याने काय सांगितले ते एका मुलाने वहीत लिहावे. फोटो शेकड्यांनी निघतील, त्यांतले रोज पाचच निवडावेत आणि प्रत्येकाखाली कोण, कोठे, कधी आणि जुन्या कोणत्या फोटोशी तो जुळतो हे नोंदवावे. जुन्या फोटोसारखीच रचना करून नवा फोटो काढण्याची हौस असेल तर करावी, पण त्यासाठी आजोबांना उन्हात तिष्ठत ठेवू नये.

घरी परतल्यावर पहिल्या आठवड्यातच हे काम पुरे करावे, कारण नंतर ते होत नाही. ध्वनिमुद्रणांना नावे द्यावीत, "ऑडिओ १७" असे ठेवू नये. निवडक फोटो कागदावर छापून घ्यावेत आणि मागे पेन्सिलने लिहावे. एक प्रत येऊ न शकलेल्या नातेवाइकांना पाठवावी. त्यात परदेशातल्या आत्याही आल्या आणि ज्यांच्याशी घरात फारसे बोलणे नाही ते काकाही. त्यांच्याकडून बहुधा एखादी दुरुस्ती येते, की तो फोटो मंगेशीचा नव्हे, रामनाथीचा आहे, आणि मागे उभा असलेला मुलगा अमक्याचा. ती दुरुस्ती खोडाखोड न करता, सांगणाऱ्याच्या नावासह त्याच पानावर लिहावी. पुढच्या वेळी कुठल्या जागेला कोण धनी हे ठरवताना तीच वही आधी उघडावी.